श्रवणशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : अभ्यासक्रमाची निवड आणि प्रवेशाची तयारी

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाचा दोष बाहेरून दिसत नाही. ते हसते, आईकडे टक लावून पाहते आणि पहिले काही महिने इतर बालकांप्रमाणेच आवाजही काढते. दीड-दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हे लक्षात आल्यावर कुटुंबाची धावपळ सुरू होते. तोपर्यंत भाषा आत्मसात करण्याच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा काळ हातातून गेलेला असतो. पहिल्या महिन्याच्या आत श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, हा क्रम तज्ज्ञांनी त्यासाठीच आखून दिला आहे. तो प्रत्यक्षात उतरवण्याची जबाबदारी मुख्यत्वे ज्यांच्यावर येते, ते म्हणजे श्रवणतज्ज्ञ अर्थात ऑडिऑलॉजिस्ट.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ७१ हजार इतकी नोंदवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष असून त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसन सेवेची गरज आहे. २०५० पर्यंत ही गरज ७० कोटींवर जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. या तुलनेत प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ फारच थोडे आहेत आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांतच आढळतात.

या पार्श्वभूमीवर श्रवणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर अनेक प्रश्न असतात. कोणती पदवी घ्यावी, कोणती संस्था निवडावी आणि अर्ज करताना कशाची दक्षता घ्यावी, याबाबतची माहिती येथे देण्यात येत आहे. संस्थेचे नाव आणि इमारत यांपेक्षा तिची कायदेशीर मान्यता आणि तिच्या चिकित्सालयात मिळणारा प्रत्यक्ष अनुभव या दोन कसोट्या अधिक महत्त्वाच्या ठरतात. पहिलीकडे दुर्लक्ष झाल्यास विद्यार्थ्याचे भवितव्य धोक्यात येते, तर दुसरीकडे दुर्लक्ष झाल्यास रुग्णाचे.

विषयाची वाटचाल

श्रवणशास्त्र ही तुलनेने नवी ज्ञानशाखा आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि बॉम्बस्फोटांमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाची गरज अमेरिकेत निर्माण झाली आणि त्यातून या विषयाला स्वतंत्र रूप आले. या कार्यात पुढाकार घेणारे रेमंड कारहार्ट यांना या शास्त्राचे जनक मानले जाते.

भारतात या विषयाच्या शिक्षणाचा पाया १९६० च्या दशकात घातला गेला. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेची स्थापना १९६५ मध्ये झाली. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईत टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालयातही त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले. पुढे १९८३ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या अखत्यारीत आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ यांच्या कामाविषयी समाजात अद्याप गल्लत आढळते. कानाच्या रोगावर औषधोपचार किंवा शस्त्रक्रिया करणे हे वैद्यकीय तज्ज्ञाचे काम होय. श्रवणशक्ती किती आणि कोठे कमी झाली आहे याचे मोजमाप करणे, श्रवणयंत्र निवडून ते त्या व्यक्तीच्या गरजेनुसार जुळवणे, कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यानंतर त्याची विद्युत पातळी ठरवणे, तोल जाण्याच्या विकारांची तपासणी करणे आणि ऐकण्याचे प्रशिक्षण देणे, ही कामे श्रवणतज्ज्ञ करतो. दोघांनी एकमेकांच्या साहाय्याने काम करणे रुग्णाच्या हिताचे असते.

प्रवेशासाठी पात्रता

भारतात श्रवणशास्त्राच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी श्रवणशास्त्र व वाक्-भाषा विकृतिशास्त्र या विषयातील पदवी आवश्यक असते. ही पदवी बीएएसएलपी या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तिचा कालावधी चार वर्षांचा असून अखेरचे वर्ष आंतरवासितेचे असते. पूर्वी वाक् व श्रवण या विषयात बी.एस्सी. केलेले विद्यार्थीही पात्र मानले जातात. पदवीला सामान्यतः किमान ५५ टक्के गुणांची अट असते आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत दिली जाते. एम.एस्सी.चा कालावधी दोन वर्षांचा असतो.

भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, जीवशास्त्र किंवा परिचर्या या विषयांतील पदवीधर अनेकदा या अभ्यासक्रमाची चौकशी करतात. परदेशातील काही विद्यापीठे अन्य विषयांच्या पदवीधरांनाही प्रवेश देतात, हे त्यांच्या वाचनात आलेले असते. भारतात मात्र तशी व्यवस्था नाही. येथे पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग बीएएसएलपीवरूनच जातो. श्रवण, भाषा व वाचा या विषयातील एक वर्षाची पदविका, तसेच श्रवणयंत्र दुरुस्ती व कानाच्या मापाचे साचे तयार करण्याची पदविका हे उपयुक्त अभ्यासक्रम आहेत; परंतु त्यांतून साहाय्यक किंवा तंत्रज्ञ तयार होतात. स्वतंत्र श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करण्याचा अधिकार त्यांतून प्राप्त होत नाही.

मान्यतेची कसोटी

संस्थेची निवड करताना सर्वप्रथम तपासावयाची बाब म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता. १९९२ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली ही वैधानिक परिषद पुनर्वसन क्षेत्रातील शिक्षणाचा दर्जा ठरवते आणि व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवते. या नोंदवहीत नाव असल्याखेरीज श्रवणतज्ज्ञ म्हणून देशात व्यवसाय करता येत नाही. या तरतुदीचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला नोंदणी मिळत नाही. त्याची दोन वर्षे आणि कुटुंबाने उभा केलेला पैसा दोन्ही वाया जातात.

येथे एक सूक्ष्म फरक ध्यानात ठेवावा लागतो. विद्यापीठाची संलग्नता आणि परिषदेची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही असणे आवश्यक आहे. परिषदेची मान्यता सरसकट संस्थेला नसते. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक मुदतीपुरती असते. एखाद्या महाविद्यालयाच्या पदवी अभ्यासक्रमाला मान्यता असेल, तरी तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ती असेलच असे नाही. पाच वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला नोंदणी मिळाली, म्हणून यंदाच्या तुकडीलाही मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, मंजूर जागा आणि मान्यतेची मुदत या चारही बाबी शुल्क भरण्यापूर्वी पडताळून पाहाव्यात. मान्यतेचा प्रस्ताव विचाराधीन असल्याचे सांगण्यात आले, तर मान्यता अद्याप मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

कोणती शाखा निवडावी

भारतात हा विषय अनेक वर्षे वाक् आणि श्रवण असा एकत्रितपणे शिकवला जात असे. या शतकाच्या पहिल्या दशकात श्रवणशास्त्र आणि वाक्-भाषा विकृतिशास्त्र अशा स्वतंत्र एम.एस्सी. पदव्या सुरू झाल्या. त्यांबरोबरच दोन्ही विषयांचा समावेश असलेली एमएएसएलपी ही संयुक्त पदवीही देण्यात येऊ लागली. त्यामुळे पदवीनंतर विद्यार्थ्याला निवड करावी लागते आणि ती पुढील अध्यापन, संशोधन व नोकरीची दिशा ठरवते.

ज्या विद्यार्थ्याला ध्वनीचे भौतिकशास्त्र, कानाची व श्रवणमज्जातंतूची रचना, विद्युत संकेतांचे विश्लेषण आणि उपकरणांचे तंत्रज्ञान यांत रस आहे, त्याला श्रवणशास्त्र अधिक मानवते. तोतरेपणा, पक्षाघातानंतरचा वाचाघात, बालकांचा भाषाविलंब, आवाजाचे व गिळण्याचे विकार यांत ज्याचे मन रमते, त्याने वाक्-भाषा शाखेचा विचार करावा. जिल्हा रुग्णालयात किंवा लहान गावात सर्व प्रकारच्या रुग्णांची सेवा करू इच्छिणाऱ्याला संयुक्त पदवी सोयीची वाटू शकते. अध्यापन अथवा विद्यावाचस्पती पदवीकडे जाऊ पाहणाऱ्यांना विशेष शाखेतील सखोल अभ्यास उपयोगी पडतो.

हा निर्णय आंतरवासितेच्या वर्षातच घेणे श्रेयस्कर ठरते. त्या वर्षी विद्यार्थी दोन्ही प्रकारच्या रुग्णांना प्रत्यक्ष पाहत असतो. गुणपत्रिकेत कोणत्या विषयात अधिक गुण पडले यापेक्षा, दिवसभराच्या कामानंतर कोणत्या रुग्णाविषयी वाचन करण्याची इच्छा होते, हा निकष अधिक विश्वासार्ह असतो.

देशातील प्रमुख संस्था

म्हैसूर येथील संस्थेत पदवीपासून विद्यावाचस्पतीपर्यंतचे शिक्षण उपलब्ध असून तिच्या पदव्या म्हैसूर विद्यापीठाच्या असतात. देशभरातील विद्यार्थी तेथे प्रवेश परीक्षेद्वारे येतात. मुंबईतील अली यावर जंग संस्थेची प्रादेशिक केंद्रे देशाच्या अन्य भागांतही आहेत. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या साहाय्य योजनेची अंमलबजावणी करणारी नोडल संस्था म्हणून काम करत असल्याने तिचा बालकांच्या पुनर्वसनाशी निकटचा संबंध येतो. महाराष्ट्रात नायर रुग्णालय आणि पुण्यातील भारती विद्यापीठ यांचाही या विषयाच्या शिक्षणात सहभाग आहे. महाराष्ट्राबाहेर चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, चेन्नईतील श्री रामचंद्र संस्था, मणिपाल विद्यापीठ, तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आणि बंगळुरू येथील डॉ. एस. आर. चंद्रशेखर वाक् व श्रवण संस्था ही नावे या क्षेत्रात परिचित आहेत.

शासकीय आणि खासगी संस्थांच्या शुल्कात मोठी तफावत असते. शुल्काचा विचार करताना वसतिगृह, भोजन, संशोधन प्रबंधाचा खर्च आणि मिळणारे विद्यावेतन हे सर्व एकत्र मांडून दोन वर्षांचा हिशेब करावा. कर्ज काढून शिक्षण घेणाऱ्यांनी सुरुवातीच्या काळातील वेतनातून त्याची परतफेड शक्य आहे का, याची चौकशी त्या संस्थेच्या अलीकडच्या विद्यार्थ्यांकडे करावी.

चिकित्सालय हीच खरी प्रयोगशाळा

मान्यतेची खात्री झाल्यानंतर दुसरी कसोटी चिकित्सालयाची. या शास्त्रातील चाचण्या यंत्राने होत असल्या, तरी त्यांचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. याचे एक बोलके उदाहरण नवजात बालकांच्या तपासणीत आढळते. ध्वनी ऐकल्यावर अंतःकर्णातील पेशी स्वतःही अत्यंत क्षीण ध्वनी निर्माण करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. ओएई या नावाने ओळखली जाणारी चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. ती काही मिनिटांत होते आणि बालकाला कोणताही त्रास होत नाही. परंतु काही बालकांमध्ये अंतःकर्णातील या पेशी व्यवस्थित काम करत असतात आणि दोष पुढे मज्जातंतूच्या पातळीवर असतो. असे बालक ओएई चाचणी उत्तीर्ण होते आणि ते ऐकू शकते असा समज करून कुटुंब निश्चिंत होते. श्रवणमज्जातंतूपासून मेंदूच्या देठापर्यंतच्या विद्युत प्रतिसादाची एबीआर चाचणी केल्यावरच हा दोष उघड होतो. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांच्या बाबतीत या शक्यतेचा विशेष विचार करावा लागतो.

याउलट, मध्यकर्णात साचलेल्या द्रवामुळे ओएईचा प्रतिसाद मिळत नाही आणि अंतःकर्ण निरोगी असूनही बालकाला कायमचा दोष असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. एका चाचणीचा निकाल दुसरीशी ताडून पाहण्याची सवय पुस्तकातून लागत नाही. अनुभवी मार्गदर्शक शेजारी असताना शेकडो रुग्ण पाहूनच ती अंगी बाणते. म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी मिळवावीत.

१. चिकित्सालयात दररोज सुमारे किती नवे रुग्ण येतात आणि त्यांत बालकांचे प्रमाण किती असते?

२. एका मार्गदर्शकाकडे एका वेळी किती विद्यार्थी काम करतात? विद्यार्थी स्वतः चाचणी करतो, की केवळ निरीक्षण करतो?

३. ध्वनिरोधक कक्ष किती आहेत? श्रवणमापन यंत्रांचे अंशांकन नियमितपणे होते का?

४. ओएई, एबीआर, मध्यकर्ण तपासणी आणि तोलाच्या विकारांच्या चाचण्यांची उपकरणे चालू स्थितीत आहेत का?

५. श्रवणयंत्र बसवल्यावर कानात प्रत्यक्ष किती ध्वनी पोहोचतो याचे मोजमाप केले जाते, की केवळ रुग्णाच्या सांगण्यावर विसंबून यंत्र दिले जाते?

६. कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या बालकांचा दीर्घकाळ पाठपुरावा होतो का?

७. वृद्ध रुग्ण, कारखान्यातील कामगार आणि विशेष शाळांतील मुले यांच्याशी काम करण्याची संधी मिळते का?

या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकेत क्वचितच सापडतात. शक्य असल्यास एक दिवस संस्थेला भेट द्यावी. ते शक्य नसल्यास दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या किमान दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. उपकरण आहे आणि उपकरण विद्यार्थ्याला वापरता येते, यांतील अंतर तेच नेमके सांगू शकतात.

रुग्णाची भाषा

श्रवणचाचणीत केवळ शुद्ध स्वर ऐकवले जात नाहीत. शब्द ऐकवून ते ओळखण्यासही सांगितले जाते. स्वर ऐकू येतात पण शब्द उमगत नाहीत, ही तक्रार विशेषतः वृद्धांमध्ये नेहमीची असते आणि तिचे मोजमाप शब्दांच्या साहाय्यानेच होते. ही चाचणी रुग्णाच्या मातृभाषेत होणे आवश्यक आहे. मराठीच बोलणाऱ्या आजींना परक्या भाषेतील शब्द ऐकवले, तर चुकलेले उत्तर कानाचे की भाषेच्या अपरिचयाचे, हे कळणार नाही.

मराठी विद्यार्थ्यांनी संस्था निवडताना या बाजूचाही विचार करावा. म्हैसूरला कन्नड, चेन्नईला तमिळ, तिरुवनंतपुरमला मल्याळम बोलणारे रुग्ण बहुसंख्येने येतात. तेथे शिकावयाचे असल्यास स्थानिक भाषेतील नित्याचे प्रश्न आणि सूचना आत्मसात करण्याची तयारी हवी. ही अडचण असली, तरी तिचा लाभही आहे. दोन-तीन भाषांत काम करू शकणारा श्रवणतज्ज्ञ बेळगाव, हैदराबाद, इंदूर किंवा मुंबईसारख्या बहुभाषिक शहरांत अधिक उपयोगी ठरतो. भारतीय भाषांतील चाचणीसाहित्य तयार करणे आणि त्याची प्रमाणता तपासणे हा एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी महत्त्वाचा विषय आहे. मराठीच्या बोलींचे वैविध्य लक्षात घेता या भाषेत अशा कामाला मोठा वाव आहे.

अर्जाची प्रक्रिया

बहुतेक प्रमुख संस्थांतील प्रवेश लेखी परीक्षेद्वारे होतात. परीक्षेतील प्रश्न प्रामुख्याने पदवी अभ्यासक्रमावर आधारित आणि बहुपर्यायी स्वरूपाचे असतात. महाराष्ट्रात या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. राष्ट्रीय संस्था व अभिमत विद्यापीठे यांची प्रक्रिया वेगळी असते. त्यामुळे एकाच वर्षी दोन किंवा तीन स्वतंत्र अर्ज भरावे लागतात. तारखा आणि नियम दरवर्षी बदलत असल्याने त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका हाच आधार मानावा.

अर्जाची पूर्वतयारी किमान सहा महिने आधी सुरू करावी. पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, आंतरवासिता पूर्ण झाल्याचे किंवा होणार असल्याचे प्रमाणपत्र, परिषदेच्या नोंदणीची प्रत, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र ही कागदपत्रे हाताशी असावीत. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात असावे लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र जोडल्यामुळे ऐनवेळी अडचण उद्भवू शकते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमान्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. पात्र विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घ्यावा.

आंतरवासिता पूर्ण होण्याच्या तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. परीक्षेत उत्तम क्रमांक मिळूनही आंतरवासिता ठरलेल्या दिवसापर्यंत पूर्ण न झाल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आजारपणाची रजा किंवा अन्य कारणाने दिवस कमी भरत असतील, तर विभागप्रमुखांशी वेळीच बोलून ते भरून काढावेत.

परीक्षेच्या तयारीसाठी पदवीची पाठ्यपुस्तके पुन्हा वाचणे हाच उत्तम मार्ग आहे. ध्वनिविज्ञान, कानाची रचना व कार्य, श्रवणमापन, श्रवणयंत्रे, बालश्रवणशास्त्र, भाषाविज्ञान आणि संख्याशास्त्र या विषयांवर भर द्यावा. आलेख पाहून दोषाचा प्रकार ओळखण्याचा सराव उपयुक्त ठरतो. आंतरवासितेत पाहिलेल्या रुग्णांची नोंदवही, अर्थात रुग्णांची ओळख गुप्त ठेवून, लिहिली असेल तर ती उजळणीलाही कामी येते आणि मुलाखत असल्यास तेथेही.

परदेशातील शिक्षण

अमेरिकेत श्रवणतज्ज्ञ होण्यासाठी एम.एस्सी. पुरेशी नसते. तेथे एयूडी ही सामान्यतः चार वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट आवश्यक असते आणि तिच्या शेवटच्या वर्षात पूर्णवेळ चिकित्सालयीन अनुभव घ्यावा लागतो. व्यवसायासाठी संबंधित राज्याचा परवाना लागतो. अनेक विद्यापीठे सामाईक ऑनलाइन प्रणालीद्वारे अर्ज स्वीकारतात. अर्जासोबत गुणपत्रिकांचे मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे आणि स्वतःची उद्दिष्टे मांडणारे निवेदन द्यावे लागते. या निवेदनात सर्वसाधारण सेवाभाव व्यक्त करण्याऐवजी प्रत्यक्ष केलेले काम, त्यातून पडलेला प्रश्न आणि त्या विद्यापीठातील कोणत्या कामाशी त्याचा संबंध आहे, हे थोडक्यात लिहावे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात पदव्युत्तर पदवी हीच व्यवसायप्रवेशाची पातळी आहे.

शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतू इच्छिणाऱ्यांनी आपली परदेशी पदवी भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीसाठी ग्राह्य धरली जाईल का, याची विचारणा जाण्यापूर्वीच करावी. त्याचप्रमाणे भारतातील एम.एस्सी. घेऊन परदेशी जाऊ पाहणाऱ्यांनी, ती पदवी त्या देशात थेट व्यवसायाचा अधिकार देईल, असे समजू नये.

पदवीनंतर

एम.एस्सी. पूर्ण केलेल्या श्रवणतज्ज्ञांना रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, पुनर्वसन केंद्रे, विशेष शाळा, श्रवणयंत्र व कॉक्लिअर इम्प्लांट उद्योग, संशोधन आणि अध्यापन या क्षेत्रांत संधी आहेत. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि नंतर त्याचा विस्तार झाला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाच्या शोधाचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देतानाही श्रवणमापनाचा अहवाल निर्णायक असतो. २०१६ च्या अधिनियमानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ऐकण्यास कष्ट पडणारी मानली जाते. मोजमापातील थोडी चूकही एखाद्याच्या हक्कावर परिणाम करू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

नोंदणीचे ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत सहभाग अपेक्षित असतो. उपकरणे झपाट्याने बदलणाऱ्या या क्षेत्रात पदवी ही शिक्षणाची अखेर ठरत नाही.

प्रवेशाच्या धामधुमीत परीक्षेचा क्रमांक, शहराचे आकर्षण आणि ओळखीच्यांचे सल्ले यांचा प्रभाव पडणे स्वाभाविक आहे. तथापि या शिक्षणाची परीक्षा पुढे एखाद्या जिल्हा रुग्णालयातील लहानशा खोलीत होणार असते. समोर तीन महिन्यांचे बालक झोपलेले असते, पडद्यावर एबीआरच्या रेषा उमटत असतात आणि आई-वडील उत्तराची वाट पाहत असतात. त्या रेषांचा अर्थ अचूक सांगू शकेल असा श्रवणतज्ज्ञ ज्या संस्थेत घडतो, ती संस्था योग्य समजावी आणि अर्ज भरताना तिला पहिले स्थान द्यावे.